नाणेवेडा राजा : तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल



जुनी नाणी जमवणारं एखादं तरी मूल तुमच्या वर्गात किंवा घरात असेलच. आज आपण अशाच एका नाणेवेड्या माणसाचं चरित्र पाहूया. हा माणूस चक्क इटलीचा राजा होता!

बालपण आणि छंद

व्हिक्टर इमॅन्युएल यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६९ रोजी नेपल्स येथे झाला. मोठेपणीही त्यांची उंची जेमतेम पाच फूट. प्रकृती नाजूक, स्वभाव बुजरा आणि शिकवायला कडक शिस्तीचे लष्करी अधिकारी. पोप नववे पायस यांचं एक साधं नाणं लहानपणी त्यांच्या हाती आलं आणि तिथून जो नाद लागला तो शेवटपर्यंत सुटला नाही.

आता तुम्ही म्हणाल, राजपुत्राला नाण्यांचं काय अप्रूप? पण विचार करा. इटली हा एकसंध देश झाला १८६१ साली. त्याआधी कित्येक शतकं तिथे वेगवेगळी राज्यं आणि नगरं होती, आणि अनेकांच्या स्वतःच्या टांकसाळी होत्या. त्यामुळे इटलीची नाणी जमवणं म्हणजे त्या देशाच्या इतिहासाचे विखुरलेले तुकडे जमवणंच होतं.

सोन्याच्या नाण्यांचा इतिहास

मध्ययुगात पश्चिम युरोपात बराच काळ व्यवहार चालायचा तो चांदीच्या नाण्यांवर. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२३१ पासून दक्षिण इटलीत ‘ऑगस्टाले’ हे सुंदर सोन्याचं नाणं पाडलं. पुढे व्यापार वाढला. मोठ्या सौद्यांना चांदीची हलकी नाणी पुरेनात, आणि उत्तर आफ्रिकेतून सोनंही येऊ लागलं. मग १२५२ मध्ये फ्लॉरेन्स आणि जिनोव्हा या शहरांनी सोन्याची नाणी काढली. फ्लॉरेन्सच्या ‘फ्लोरिन’वर एका बाजूला लिलीचं फूल असे. १२८४ मध्ये व्हेनिसने ‘डुकाट’ आणलं. साधारण साडेतीन ग्रॅम वजनाचं, जवळजवळ शुद्ध सोनं! व्हेनिसने त्याचा कस पाचशे वर्षं टिकवला, म्हणून दूरदूरचे व्यापारी ते डोळे झाकून घेत.

हे नाणं आपल्याकडेही आलं बरं का! त्यावरच्या माणसांच्या आकृत्यांमुळे आपण त्याला ‘पुतळी’ म्हणू लागलो. आजीच्या पुतळ्यांच्या माळेचं मूळ असं थेट व्हेनिसला जाऊन पोहोचतं.

मोठं काम

१९०० साली वडिलांची हत्या झाली आणि व्हिक्टर इमॅन्युएल गादीवर आले. राज्यकारभार सांभाळूनही नाण्यांचा अभ्यास थांबला नाही. त्यांचा संग्रह एक लाखाच्या वर गेला. नुसती नाणी जमवून ते थांबले नाहीत. मध्ययुगापासूनच्या इटालियन नाण्यांची सविस्तर सूची त्यांनी प्रसिद्ध केली. १९१० ते १९४३ या काळात तिचे २० खंड निघाले. इतरांच्या संग्रहांतली नाणीही त्यांत नोंदवली. आजही अभ्यासक हे खंड वापरतात.

नाण्याची दुसरी बाजू

चरित्र शिकवताना इथेच थांबलो, तर ते अर्धवट राहील. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनीचे लोक रोमवर चालून निघाले. सरकारने लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला, पण राजाने त्यावर सही केली नाही. उलट मुसोलिनीलाच सरकार बनवायला बोलावलं. पुढे १९३८ मध्ये ज्यूंचे हक्क काढून घेणाऱ्या कायद्यांवर मात्र त्यांनी सही केली. जुलै १९४३ मध्ये त्यांनी मुसोलिनीला पदावरून काढलं खरं, पण तोवर देश युद्धात होरपळला होता. मे १९४६ मध्ये त्यांनी गादी सोडली, आपला संग्रह इटलीच्या जनतेला दिला आणि ते इजिप्तला गेले. पुढच्याच महिन्यात इटलीच्या जनतेने मतदान करून राजेशाही संपवली. २८ डिसेंबर १९४७ रोजी अलेक्झांड्रिया येथे त्यांचं निधन झालं. त्यांचा संग्रह आज रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आपण काय घ्यायचं?

इतिहासाचा इतका बारीक अभ्यास असलेला माणूसही ऐन वेळी चुकीच्या बाजूला उभा राहू शकतो. म्हणून मुलांच्या हाती जुनं नाणं आलं की सालाबरोबर आणखी काही विचारायला लावूया. हे कोणी पाडलं? कशासाठी? त्या राज्यात साधी माणसं कशी जगत होती? आणि मोठ्या मुलांना एक प्रश्न जरूर द्या: १९२२ साली त्या राजाच्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं? उत्तर लगेच सांगू नका. मुलांना आपापसांत वाद घालू द्या.