डॉ. रंगनाथन : एका शिक्षकाचे विद्यादान

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी देणगीदारांची नामावली छापली जाते. कोणी वडिलांच्या नावे, कोणी मातोश्रींच्या नावे रक्कम देतो. ही चाल स्तुत्यच आहे. परंतु स्मारक कसे असावे, याचा विचार करू लागलो की आम्हांस एका मद्रासी शिक्षकाचे स्मरण होते. त्यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे, विशेषतः तरुण पिढीपुढे, ठेवावे म्हणून हा अल्प प्रयत्न.

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म 1892 साली तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. वडिलांचे छत्र सहाव्या वर्षीच हरपले. गावातील हिंदू हायस्कुलात शिकून ते मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात गेले आणि 1916 साली गणित विषयात एम. ए. झाले. तेथील प्रा. एडवर्ड रॉस यांना त्यांनी जन्मभर गुरू मानले व पुढे गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या नावे निधीही ठेवला. गुरुऋण हे फेडण्यासाठी असते, केवळ बोलण्यासाठी नव्हे, हा संस्कार त्यांच्या ठायी तेव्हापासून दिसतो.

1917 पासून मंगळूर, कोइमतूर व मद्रास येथील सरकारी महाविद्यालयांत त्यांनी गणित शिकविले. शिकविण्यात त्यांचे मन रमलेले होते. असे असता 1924 च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. ज्याला वर्गातील मुलांच्या गजबजाटाची सवय, त्याला ग्रंथालयातील ती शांतता खावयास उठली. आठवडाभरातच ते आपल्या जुन्या प्राचार्यांकडे गेले आणि शिक्षकाची जागा परत मागू लागले. इंग्लंडात जाऊन ग्रंथालयाचे शास्त्र शिकून यावे आणि तरीही कंटाळा आला तर परत यावे, असा सल्ला त्यांना मिळाला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स यांच्या हाताखाली ते हे शास्त्र शिकले. तेथील अनेक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली. ग्रंथालय हे पुस्तकांचे कोठार नसून लोकशिक्षणाचे साधन आहे, हे त्यांना तेथे उमगले. एका दुकानात मुलांच्या खेळण्यातील धातूच्या पट्ट्या व स्क्रू निरनिराळ्या रीतीने जोडलेले पाहून त्यांना ग्रंथांच्या वर्गीकरणाची नवी युक्ती सुचली. त्यातूनच पुढे 1933 साली त्यांची सुप्रसिद्ध द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली.

1925 साली परत आल्यावर शिक्षकाची जागा मागण्याची वेळ पुन्हा आली नाही. ग्रंथालय हाच त्यांचा वर्ग झाला. वाचकांस कपाटापर्यंत जाऊन आपल्या हातांनी ग्रंथ काढून पाहण्याची मोकळीक त्यांनी दिली. 1928 साली मद्रास ग्रंथालय संघाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. 1929 मध्ये ग्रंथपालांना शिकविण्यासाठी वर्ग सुरू झाला. 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगणारा त्यांचा ग्रंथ निघाला. त्याचे सार असे की, पुस्तक हाताळले गेले पाहिजे आणि ते ज्याला हवे त्याला विनाविलंब मिळाले पाहिजे.

याच काळात 1928 साली त्यांच्या प्रथम पत्नी रुक्मिणी यांचे अपघाती निधन झाले. पुढील वर्षी त्यांचा विवाह शारदा यांच्याशी झाला. विवाहाच्या दिवशीही ते ग्रंथालयात कामास गेले, असे सांगतात. अशा पुरुषाचा संसार काटकसरीने चालविणे हे सोपे काम नव्हे. शारदाबाईंनी ते केले.

1945 साली मद्रास सोडल्यावर त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सुमारे एक लाख ग्रंथांच्या वर्गीकरणाचे काम केले. 1947 पासून दिल्ली विद्यापीठात ते ग्रंथालयशास्त्र शिकवू लागले. 1948 साली मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, त्यामागे त्यांची अनेक वर्षांची तळमळ होती. 1957 साली त्यांस पद्मश्री आणि 1965 साली राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकाचा मान मिळाला. 27 सप्टेंबर 1972 रोजी बंगळूर येथे ते निवर्तले.

परंतु आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट निराळीच आहे. आयुष्यभर साठविलेले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठास ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी दिले, आणि त्या पदास स्वतःचे नव्हे, तर शारदाबाईंचे नाव दिले. 1961 साली बंगळुरास त्यांच्याच नावे निधी स्थापन केला व आपल्या पुस्तकांचे उत्पन्न त्यास अर्पण केले. त्या निधीतर्फे वार्षिक व्याख्यानमाला सुरू झाली. देशोदेशींचे विद्वान त्यासाठी आले. अमेरिकेचे जेसी शेरा यांची व्याख्याने मुंबईच्या एशिया पब्लिशिंग हाऊसने 1970 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ज्या गृहिणीने कधी व्यासपीठ मागितले नाही, तिच्या नावाने व्यासपीठ उभे राहिले. पतीचे यश कोणाच्या काटकसरीवर उभे होते, हे यापेक्षा स्पष्टपणे कसे सांगावे ?

येथे एक कबुली दिल्यावाचून राहवत नाही. आम्ही ज्या शाळेत नोकरी केली, तेथील पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कित्येक वर्षे आमच्याच कमरेला होती. पुस्तक हरवले तर भरपाई आपल्या पगारातून होईल, या भीतीने आम्ही मुलांना पुस्तके देताना कांकूं करीत असू. निवृत्तीच्या दिवशी मोजदाद झाली तेव्हा एकही पुस्तक कमी भरले नाही. त्या वेळी आम्हांस अभिमान वाटला. रंगनाथन यांचे चरित्र वाचल्यापासून मात्र त्या कोऱ्या पुस्तकांची लाज वाटते. किती मुलांचे पुस्तक त्या कपाटात अडकून पडले असेल, याची मोजदाद कोणी केली नाही.

संगमरवरी पाटीवर नाव कोरले की ते भिंतीपुरतेच राहते. तेच नाव एखाद्या वार्षिक व्याख्यानास, विद्यार्थ्याच्या पुस्तकांस अथवा उघड्या वाचनालयास दिले तर ते दरवर्षी नव्याने उच्चारले जाते. आपल्या घरांतही अशा अनेक शारदाबाई होऊन गेल्या आणि आजही आहेत. पुढील वर्षी देणगी देताना ज्ञातिबांधवांनी त्यांचे स्मरण करावे, एवढीच नम्र विनंती करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.