गोळीतून वाचला, पण पोटावरचा पट्टा १९ वर्षं सुटला नाही : अँडी वॉरहॉलच्या हर्नियाची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरमध्ये घाटीच्या आसपासच्या एखाद्या सर्जिकलच्या दुकानात जा आणि पोटाचा पट्टा मागा. दुकानदार आधी माप विचारेल आणि मग विचारेल, कशाचं ऑपरेशन झालंय? सिझेरियन, गर्भपिशवी, अपेंडिक्स, आतड्याचं ऑपरेशन. उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. काही जण हा पट्टा महिना-दोन महिने वापरतात आणि सोडून देतात. काहींचा मात्र तो वर्षानुवर्षं सुटत नाही. कारण ऑपरेशनच्या जुन्या टाक्यांजवळ पोट फुगलेलं दिसतं, खोकलं की ते आणखी बाहेर येतं आणि आडवं झालं की आत जातं.

दुखत नाही म्हणून ते अंगावर काढलं जातं. डॉक्टर सांगतात, हा हर्निया आहे, ऑपरेशन करावं लागेल. पेशंट म्हणतो, एकदा पोट फाडलंय, आता पुन्हा नको.

जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रकारांपैकी एकानं नेमकं हेच केलं होतं. त्याचं नाव अँडी वॉरहॉल.

गरीब घरातला आजारी पोरगा

सूपच्या डब्यांची चित्रं आणि वेगवेगळ्या रंगांतली मर्लिन मन्रो तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेल. अगदी टी-शर्टवर किंवा मोबाईलच्या कव्हरवर तरी. ती वॉरहॉलची.

त्याचा जन्म ६ ऑगस्ट १९२८ चा. गाव अमेरिकेतलं पिट्सबर्ग, म्हणजे पोलादाच्या कारखान्यांचं शहर. आईवडील आजच्या स्लोव्हाकियातल्या मिकोवा नावाच्या खेड्यातून पोटासाठी अमेरिकेत आलेले. आडनाव वारहोला. वडील मजुरी करायचे. अँडी तीन भावांत सगळ्यात धाकटा.

आठेक वर्षांचा असताना त्याला एक आजार झाला. हातपाय आपोआप हलायचे, शरीरावर ताबा राहायचा नाही. कित्येक आठवडे तो अंथरुणावर होता. आई ज्युलिया त्याला रंग, कागद आणि सिनेमाची मासिकं आणून द्यायची. चित्रकार अँडी तिथेच घडायला सुरुवात झाली असं म्हणता येईल.

१९४२ मध्ये वडील गेले. अँडी तेव्हा १३ वर्षांचा होता. दोनच वर्षांनी आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. त्या काळात हे ऑपरेशन म्हणजे जिवाशी खेळ होता. डॉक्टरांनी ते केलं, शौचासाठी पोटावरच वाट काढून दिली आणि ज्युलिया वाचली. पुढे ती १९७२ पर्यंत जगली, त्यातली जवळपास २० वर्षं न्यूयॉर्कमध्ये अँडीच्याच घरी.

आई ऑपरेशनमुळेच वाचली, पण पोराच्या मनात हॉस्पिटलची भीती बसली ती कायमची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

डबे, मर्लिन आणि फॅक्टरी

१९४९ मध्ये कलेची पदवी घेऊन अँडी न्यूयॉर्कला गेला. जाहिरातींसाठी बुटांची चित्रं काढता काढता त्यानं नाव कमावलं. आडनावातलं शेवटचं अक्षर गळालं आणि वारहोलाचा वॉरहॉल झाला.

१९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका गॅलरीत त्यानं कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली. लोक हसले, चिडले, पण बोलत राहिले. दुकानात मिळणारी वस्तूही कलेचा विषय होऊ शकते, हे त्यानं दाखवून दिलं. पॉप आर्टचा तो चेहरा झाला.

त्याच्या स्टुडिओला फॅक्टरी म्हणायचे. कवी, गायक, नट, नशेबाज, श्रीमंत, फाटके, कुणीही तिथे यायचं. दारावर कुणी अडवायचं नाही. १९६४ मध्ये तिथे आलेल्या एका बाईनं पिस्तूल काढून मर्लिनच्या चित्रांवर गोळी झाडली होती. त्याच मालिकेतलं एक चित्र २०२२ मध्ये लिलावात १९.५ कोटी डॉलरला विकलं गेलं.

त्या वेळी गोळी चित्रांवर निभावली. चार वर्षांनी तसं झालं नाही.

३ जून १९६८

व्हॅलरी सोलानास ही लेखिका फॅक्टरीत येऊन-जाऊन असायची. वॉरहॉलच्या एका सिनेमात तिनं काम केलं होतं आणि स्वतःच्या नाटकाची संहिता त्याला वाचायला दिली होती. त्याच्याकडून ती हरवली. तिची मानसिक अवस्था बिघडत गेली आणि वॉरहॉल आपल्यावर कब्जा मिळवतोय असं तिला वाटू लागलं.

३ जून १९६८ च्या दुपारी ती पिस्तूल घेऊन आली आणि तिनं वॉरहॉलवर तीन गोळ्या झाडल्या. दोन हुकल्या. तिसरी फुप्फुस, अन्ननलिका, जठर, यकृत आणि प्लीहा यांना फाडत गेली. एका गोळीनं एवढं सगळं.

कोलंबस हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत त्याच्यात जवळपास जीव उरला नव्हता. डॉ. ज्युसेपे रॉसी या सर्जननं हार मानली नाही. छाती उघडली, पोट उघडलं, हृदय चालू ठेवलं, फाटलेले अवयव शिवले, प्लीहा काढून टाकली. सुमारे पाच तासांनी पेशंट टेबलवर जिवंत होता.

सोलानास त्याच संध्याकाळी पोलिसांना शरण गेली. पुढे तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. दोन दिवसांनी रॉबर्ट केनेडींवर गोळीबार झाला आणि वॉरहॉलची बातमी आतल्या पानांवर गेली. जुलैअखेरीस तो घरी आला.

त्याचा जीव वाचला होता, पण पोट पहिल्यासारखं राहिलं नव्हतं.

टाके भरले, मग पोट का फुगतं?

आपल्या पोटाची भिंत म्हणजे नुसती कातडी नसते. कातडीखाली चरबी, मग स्नायू आणि त्यांना धरून ठेवणारा चिवट पांढरा पडदा असतो. आतडी आत राहतात ती या पडद्याच्या जोरावर. सर्जन पोट उघडतो तेव्हा हाच पडदा कापतो आणि शेवटी तो पुन्हा शिवतो. वरचे टाके दहा-बारा दिवसांत काढले की आपल्याला वाटतं, जखम भरली. आतला पडदा जुळायला मात्र काही महिने लागतात, आणि जुळल्यावरही त्यात मूळची सगळी ताकद परत येत नाही.

या काळात शिवण कुठे सैल पडली तर तिथे फट तयार होते. पोटात दाब वाढला की आतडं किंवा आतली चरबी त्या फटीतून बाहेर डोकावते. यालाच ऑपरेशनच्या जागेचा हर्निया म्हणतात. तो लगेच दिसतो असं नाही. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही दिसतो. पोटाच्या मधोमध उभा छेद देऊन केलेल्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण १० ते १५ टक्के पेशंटना तो होतो असं मानलं जातं.

फट पडायची कारणं काय?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे जखमेत पू होणं. त्यानंतर लठ्ठपणा, मधुमेह, तंबाखू आणि सिगारेट, जुनाट खोकला, संडासला जोर लावावा लागणं, कुपोषण आणि लवकर जड वजन उचलणं. घाईत करावं लागलेलं ऑपरेशन आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा केलेलं ऑपरेशन यातही धोका वाढतो.

वॉरहॉलचं ऑपरेशन तर मरणाच्या दारात केलेलं. शिवण सुबक यावी एवढी सवड कुणाकडे नव्हती. त्याच्या पोटाचे स्नायू नीट जुळले नाहीत आणि मधे मोठा हर्निया तयार झाला.

रंगीत पट्टे

त्या दिवसानंतर वॉरहॉल आयुष्यभर पोटाला घट्ट पट्टा बांधून वावरला. त्याशिवाय आतडी जागेवर राहायची नाहीत. ब्रिजिड बर्लिन ही मैत्रीण त्याला हे पांढरे पट्टे वेगवेगळ्या रंगांत रंगवून द्यायची. कपड्यांच्या आत कुणाला न दिसणारे, पण रंगीत.

ते व्रण त्यानं लपवलेही आणि दाखवलेही. १९६९ मध्ये छायाचित्रकार रिचर्ड अॅवेडननं त्याच्या टाक्यांनी भरलेल्या धडाचे फोटो काढले. १९७० मध्ये ॲलिस नील या चित्रकर्तीसमोर तो शर्ट काढून, डोळे मिटून बसला. त्या चित्रात त्याचे व्रण आणि पट्टा स्पष्ट दिसतात. जगभर मिरवणारा माणूस त्यात थकलेला, म्हातारा वाटतो. तेव्हा तो चाळिशीच्या सुरुवातीलाच होता.

काम मात्र थांबलं नाही. माओची चित्रं, श्रीमंतांची पोर्ट्रेट्स, स्वतःचं मासिक, टीव्हीचे कार्यक्रम, सगळं चालू होतं. फक्त हॉस्पिटलचं नाव काढायचं नाही. १९७० च्या दशकातच त्याला पित्ताशयाचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी पित्ताशय काढून टाकायचा सल्ला दिला. त्यानं तो टाळला, एक-दोन नाही तर दहाहून अधिक वर्षं. पुन्हा हॉस्पिटलमध्ये गेलो तर परत येणार नाही, ही त्याची भीती होती.

शेवटचा महिना

जानेवारी १९८७ मध्ये मिलानमध्ये त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. विषय होता लिओनार्दो दा विंचीचं द लास्ट सपर. तिथेच त्याच्या पोटात दुखायला लागलं. न्यूयॉर्कला परतल्यावर दुखणं वाढलं, खाणं कमी झालं. तरी १७ फेब्रुवारीला तो एका फॅशन शोमध्ये जॅझ संगीतकार माइल्स डेव्हिससोबत रॅम्पवर चालला.

अखेर २० फेब्रुवारीला तो न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये दाखल झाला, तेही बॉब रॉबर्ट या खोट्या नावानं. २१ तारखेला डॉ. ब्योर्न थोरब्यार्नारसन यांनी ऑपरेशन केलं. १९७९ मध्ये इराणच्या शहांचं ऑपरेशन करणारे सर्जन हेच. पोट उघडल्यावर दिसलं की पित्ताशय सडलं होतं. ते काढलं आणि सोबत १९ वर्षं जुना हर्नियाही दुरुस्त केला. ऑपरेशन तीन तासांहून जास्त चाललं.

दुपारी वॉरहॉल शुद्धीवर होता, टीव्ही बघत होता, फोनवर बोलला. दुसऱ्या दिवशी, २२ फेब्रुवारीच्या पहाटे त्याच्या हृदयाचे ठोके बिघडले आणि सकाळी साडेसहाच्या सुमारास त्याला मृत घोषित केलं गेलं. वय होतं ५८.

साध्या ऑपरेशननंतर माणूस गेलाच कसा, म्हणून गदारोळ झाला. देखरेख नीट झाली नाही असा आरोप करत कुटुंबीयांनी खटला भरला. हॉस्पिटलनं आरोप मान्य केले नाहीत. १९९१ मध्ये तडजोड झाली.

पुढे निवृत्त सर्जन आणि वैद्यकीय इतिहासाचे अभ्यासक डॉ. जॉन रायन यांनी सगळी कागदपत्रं तपासली. २०१७ मध्ये त्यांचं म्हणणं समोर आलं. हे ऑपरेशन साधं नव्हतंच, असं त्यांनी मांडलं. सडलेलं पित्ताशय, आधीच चिरलेलं पोट, मोठा हर्निया, महिनाभर नीट न खाल्लेलं आणि पाणी कमी झालेलं शरीर. हे सगळं एकाच टेबलावर आलं होतं.

मग आपण काय करायचं?

पहिली गोष्ट, पट्ट्यानं हर्निया बरा होत नाही. पट्टा फक्त आधार देतो. फट आपोआप बुजत नाही, उलट वर्षागणिक मोठी होऊ शकते, आणि जेवढी मोठी तेवढं ऑपरेशन अवघड.

दुसरी गोष्ट, प्रत्येक हर्नियाचं ऑपरेशन उद्याच करावं लागतं असं नाही. हर्निया लहान असेल आणि त्रास नसेल तर डॉक्टर थांबायलाही सांगतात. त्या वेळात वजन उतरवायचं, साखर आटोक्यात आणायची, तंबाखू सोडायची, खोकल्यावर उपचार घ्यायचे. आज बहुतेक ऑपरेशनमध्ये फटीवर जाळी बसवतात, त्यामुळे हर्निया पुन्हा होण्याचं प्रमाण कमी झालंय. काहींचं ऑपरेशन दुर्बिणीतूनही होतं. पण थांबायचं की नाही, हे सर्जनला पोट दाखवून ठरवायचं, मनानं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फुगवटा अचानक कडक झाला, आडवं होऊनही आत जाईना, दुखायला लागलं, उलट्या होऊ लागल्या, गॅस आणि संडास बंद झाली किंवा वरची कातडी लाल-काळी पडली तर सकाळची वाट बघू नका. आतडं अडकलेलं असू शकतं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत ते सडतं. अशा वेळी थेट घाटी किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

वॉरहॉलला पिट्सबर्गजवळ आईवडिलांच्या शेजारी पुरलं. ऑपरेशनला होकार देऊन जगलेली ज्युलिया आणि ऑपरेशन पुढे ढकलत राहिलेला तिचा मुलगा तिथे शेजारी शेजारी आहेत. पिट्सबर्गमधल्या त्याच्या म्युझियममध्ये चित्रांसोबत ते रंगवलेले पट्टेही जपून ठेवलेत.

तुमच्या घरात कुणी असा पट्टा बांधून वर्षं काढत असेल, तर या आठवड्यात त्यांना एकदा सर्जनकडे घेऊन जा.