श्वास मोजणारे स्वामी कुवलयानंद

दरवर्षी २१ जूनला आपण मैदानावर योगदिन साजरा करतो. आसने होतात, शेवटी प्राणायाम होतो. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, हे वाक्य त्या दिवशी बहुतेक शाळांच्या ध्वनिक्षेपकावरून ऐकू येते. हे खरोखर तसेच आहे का, असा प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने विचारला. विशेष म्हणजे विचारणारा योगाचा विरोधक नव्हता, तो स्वतः योगसाधक होता. त्यांचे नाव स्वामी कुवलयानंद.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती आणि शिक्षणासाठी त्यांना झगडावे लागले. १९०३ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. बडोद्यास शिकत असताना अरविंद घोष यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. तेथेच जुम्मादादा व्यायामशाळेत प्रोफेसर माणिकराव यांच्या हाताखाली त्यांनी भारतीय व्यायामाचे धडे घेतले. १९१० मध्ये ते पदवीधर झाले.

तो काळ स्वराज्याच्या विचाराने भारलेला होता. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना केली ती आपल्या बेळगावातच. त्या चळवळीने ज्या तरुणांना ओढले त्यांत गुणे होते. त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला आणि खानदेशातील अमळनेर येथे राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. १९२० मध्ये इंग्रज सरकारने राष्ट्रीय वृत्तीमुळे ते महाविद्यालय बंद केले. हाती घेतलेले काम असे अचानक तुटले. दुसरा एखादा निराश झाला असता.

त्याच सुमारास त्यांच्या जीवनाला वेगळे वळण लागत होते. नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी नावाचे वृद्ध योगी राहत होते. १९१९ मध्ये गुणे त्यांच्याकडे गेले आणि योगविद्या शिकू लागले. गुरूंकडे जे पाहिले आणि अनुभवले त्याने ते थक्क झाले. परंतु त्यांनी त्याचे केवळ गुणगान केले नाही. शरीरात नेमके काय घडते, हे त्यांना पाहायचे होते.

१९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रयोग सुरू केले. उड्डियान बंध आणि नौली या क्रियांच्या वेळी पोटात काय होते, याचा त्यांनी अभ्यास केला. पोटातील दाब मोजला तेव्हा तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणजे तेथे अंशतः पोकळी निर्माण होते, असे आढळले. योगाचा असा प्रयोगशाळेतील अभ्यास तेव्हा जगात जवळजवळ कोणी करत नव्हते.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. (त्याच वर्षी डिसेंबरात बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले.) त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक निघाले. या त्रैमासिकात त्यांनी एक शिस्त पाळली. प्रयोगाने मोजलेल्या गोष्टींचा शास्त्रीय विभाग वेगळा आणि सर्वसामान्य वाचकांसाठीचा विभाग वेगळा ठेवला. मोजलेले कोणते आणि सांगितलेले कोणते, हे वाचकाला ओळखता यावे म्हणून.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या मराठी भाषेत ऑक्सिजनला प्राणवायू म्हणतात. त्यामुळे प्राणायाम म्हणजे जास्त प्राणवायू, असे समीकरण आपल्या मनात सहज तयार होते. पण प्राण हा शब्द ऑक्सिजनचा शोध लागण्याच्या कितीतरी शतके आधीचा आहे. स्वामीजींनी प्राणायाम करणाऱ्यांच्या श्वासातील वायूंचे मापन केले. श्वास रोखून सावकाश केलेल्या प्राणायामात शरीरात जाणारा ऑक्सिजन लोक समजतात तसा वाढत नाही, असे त्यांना दिसले. हा निष्कर्ष त्यांनी झाकून ठेवला नाही. प्राणायामाचे महत्त्व अधिक ऑक्सिजनात नसून मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात शोधले पाहिजे, अशी मांडणी त्यांनी केली. लोकांना आवडणारे वाक्य त्यांनी सोडून दिले.

मित्रांनो, ऑक्सिजन मोजण्याला एवढे महत्त्व का? कारण तो मोजला की उष्णता मोजता येते. फ्रान्सचे शास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी १७८० च्या दशकात दाखवले की श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे. आपण खाल्लेली भाकरी शरीरात ऑक्सिजनच्या मदतीने हळूहळू जळते. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की साधारण २० किलोज्यूल उष्णता निघते. शांत बसलेला प्रौढ माणूस तासाला १५ ते १८ लिटर ऑक्सिजन वापरतो. हिशेब करून पाहा, म्हणजे तो ८० ते १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बाइतकी उष्णता देत असतो. पावसाळ्यात खिडक्या लावून बसलेला आपला वर्ग उबदार का होतो, ते यावरून कळेल.

या उष्णतेतला मोठा वाटा मेंदूचा असतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. गाढ झोपेत हा वापर बराच कमी होतो आणि स्वप्न पडताना पुन्हा जागेपणाइतका वाढतो. म्हणजे जाणीव आणि उष्णता यांचा काही संबंध नक्कीच आहे. परंतु तो सरळ नाही.

याचे उत्तम उदाहरण लोणावळ्याशीच जोडलेले आहे. १९३० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकेतील येल विद्यापीठात संशोधन करणारे केरळचे कोवूर बेहानन कैवल्यधामात आले आणि स्वामीजींकडे योग शिकले. त्यांनी स्वतःवरच मोजमाप केले. उज्जायी प्राणायामात ऑक्सिजनचा वापर सुमारे २४ टक्क्यांनी, भस्त्रिकेत सुमारे १८ टक्क्यांनी आणि कपालभातीत १२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. त्याच वेळी आणखी एक गोष्ट आढळली. प्राणायामानंतर लगेच बेरजा करणे, रंगांची नावे सांगणे अशा चाचण्यांत त्यांचा वेग कमी झाला होता. शरीर जास्त जळत होते आणि मन मात्र संथ व शांत झाले होते. हे सारे त्यांनी १९३७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. स्वामीजींचे निष्कर्ष आणि शिष्याचे आकडे पूर्णपणे जुळत नाहीत. प्राणायाम ही एकच क्रिया नाही, प्रत्येक प्रकार वेगळा मोजावा लागतो, हा धडा त्यातून मिळतो.

स्वामीजी हयात असतानाच भौतिकशास्त्रातही याच दिशेने विचार चालू होता. १९२९ मध्ये लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाने दाखवले की माहिती मिळवणे आणि उष्णता यांचा हिशेब एकमेकांत गुंतलेला आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतील रोल्फ लांडाउअर यांनी पुढचे पाऊल टाकले. माहिती कशावर तरी लिहिलेली असते, मग तो फळा असो, कागद असो वा संगणकाचा भाग. ती पुसायची तर थोडी तरी उष्णता बाहेर पडलीच पाहिजे, असे त्यांनी सांगितले. २०१२ मध्ये फ्रान्समधील प्रयोगात ही अगदी सूक्ष्म उष्णता प्रत्यक्ष मोजली गेली. मेंदूही सतत माहिती घेतो, ठेवतो आणि विसरतो. मग विसरण्यालाही उष्णतेची किंमत आहे, असे म्हणावे लागते. मात्र मेंदूचा प्रत्यक्ष खर्च या किमान मर्यादेपेक्षा फार मोठा आहे. शिवाय उष्णता मोजता आली आणि माहिती मोजता आली, तरी मला वाटते, मला कळते, ही जाणीव मोजण्याचे माप अजून कोणाकडे नाही.

स्वामीजींचे पुढील आयुष्य कामात गेले. १९२७ मध्ये रक्तदाबाच्या विकारामुळे गांधीजी आपल्या कर्नाटकातील नंदी डोंगरावर विश्रांती घेत होते, तेव्हा आसनांविषयी त्यांचा स्वामीजींशी पत्रव्यवहार झाला. मुंबईत चौपाटीला योगाचे आरोग्यकेंद्र सुरू झाले. १९३७ पासून मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणाच्या कामातही स्वामीजींचा वाटा होता. बेळगाव, निपाणी हा भाग तेव्हा मुंबई प्रांतातच होता, हे पालकांना ठाऊक असेलच. पुढे लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय आणि रुग्णालय उभे राहिले. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांत त्यांच्या संस्थेतील संशोधकांनी हवाबंद खड्ड्यात राहणाऱ्या माणसांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. भूगर्भ समाधीच्या चमत्काराकडेही त्यांनी वायूंच्या मोजमापाने पाहिले. गुरूंनी घालून दिलेली रीत चालू राहिली.

पालकहो आणि विश्वस्तहो, आपल्या समाजाला आपल्या परंपरेचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण अभिमानाच्या भरात हे सर्व विज्ञानाने सिद्ध झाले आहे, असे आपण फार लवकर बोलून जातो. मुले ते ऐकतात आणि तसेच बोलू लागतात. पुढे कोणी पुरावा मागितला की ती गोंधळतात आणि मग चांगल्या गोष्टीवरचाही विश्वास गमावतात. स्वामीजींचे योगावर प्रेम होते आणि म्हणूनच त्यांनी योगाला तराजूत घातले. काही गोष्टी वजनात उतरल्या, काही उतरल्या नाहीत. दोन्ही त्यांनी लिहून ठेवल्या.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक छोटा अभ्यास. आठवडाभर रोज पाच मिनिटे शांत बसा आणि सावकाश श्वास घ्या. श्वास रोखू नका. आधी आणि नंतर मिनिटाला किती श्वास व नाडीचे किती ठोके पडतात ते मोजा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे मोजलेले आकडे लिहा, उजवीकडे मनाला काय वाटले ते लिहा. डावीकडचे उजवीकडे जाऊ देऊ नका. वह्या विज्ञानाच्या सरांकडे द्या. आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तर खाडाखोड करू नका, जसे आले तसेच राहू द्या. त्या वहीला पूर्ण गुण मिळतील.