रोहिणखेडचा विजेता : मलिक-उत्-तुज्जार

आपल्या जिल्ह्यातील रोहिणखेडचे नाव इतिहासात ज्याच्यामुळे आले, तो खलफ हसन मूळचा बसऱ्याचा व्यापारी. १४२२ साली अहमदशहा बहामनीला तख्त मिळवून देण्यात त्याने मोलाची मदत केली. त्याबद्दल त्याला मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार, हा किताब मिळाला.

१४३७ साली खानदेशच्या नासिरखान फारुकीने वऱ्हाडवर स्वारी केली. सुलतान अलाउद्दीन बहामनी आपल्या मुलीची, म्हणजे स्वतःच्या बेगमेची, उपेक्षा करतो अशी त्याची तक्रार होती. वऱ्हाडातील अनेक सरदार फितूर झाले. एकनिष्ठ सुभेदार खानजहान नरनाळा किल्ल्यात अडकला. मुलूख परत घेण्याची कामगिरी खलफ हसनवर आली. दौलताबादेहून तो निघाला. नरनाळ्यातून निसटलेला खानजहान त्याला मेहकरला मिळाला. रोहिणखेडच्या घाटात त्यांनी नासिरखानाचा पराभव केला व बऱ्हाणपुरापर्यंत पाठलाग केला. वऱ्हाड परत मिळाले.

परंतु या मोहिमेत त्याने दख्खनी सरदार वगळून केवळ परदेशी, म्हणजे आफाकी, फौज नेली होती. विजयानंतर दरबारात आफाकींना उजवीकडचा मान मिळाला आणि दोन्ही गटांतील वैर वाढले. पुढे कोकणात शिर्क्यांनी त्याला जंगलात नेऊन फसविले. तेथे तो मारला गेला. वाचलेल्या आफाकींची चाकणला दख्खनी सरदारांकडून कत्तल झाली.

विद्यार्थी मित्रहो, रोहिणखेडला जाल तेव्हा त्याचे शौर्य जरूर आठवा. पण शत्रूला जे जमले नाही ते घरातल्या आपपरभावाने केले, हेही विसरू नका.