लोकनायक जयप्रकाश नारायण आणि डायलिसिसची चार वर्षे



आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या वर्गातल्या एका मुलीने परवा विचारलं, की आजोबा आयसीयूत आहेत, त्यांचं रक्त मशीनमध्ये धुतात, मग ते घरी कधी येणार? मला पटकन उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर जेपी आठवले. त्यांची गोष्ट तुम्हीही मुलांना सांगू शकाल.

जयप्रकाशांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ रोजी सिताबदियारा या गावी झाला. मिळेल ते काम करत ते अमेरिकेत शिकले. १९४२ च्या लढ्यात दिवाळीच्या रात्री हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले. पुढे भूदान चळवळीत रमले. १९७४ मध्ये बिहारच्या विद्यार्थ्यांसोबत उभे राहून त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली.

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली आणि त्यांना अटक झाली. चंदीगडला स्थानबद्ध असताना प्रकृती ढासळली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं. मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिस सुरू झालं.

मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणी. ती बंद पडली की रक्तात घाण साठते. यंत्रात रक्त एका पातळ पडद्याजवळून जातं. घाण आणि जादा पाणी पलीकडे जातं, रक्तपेशी अलीकडेच राहतात. असं पहिलं यंत्र नेदरलँड्सच्या डॉ. कोल्फ यांनी १९४३ मध्ये, युद्धाच्या काळात बनवलं. आयसीयूतल्या रुग्णाचा रक्तदाब कमी असेल तर हेच काम हळूहळू, कधी दिवसरात्र चालवतात. काहींची मूत्रपिंडं पुन्हा काम करू लागतात, काहींची नाही.

जेपींची पुन्हा सुरू झाली नाहीत. यंत्रासाठी लोकांनी वर्गणी जमवली; पंतप्रधानांकडून आलेली रक्कम मात्र त्यांनी परत केली. यंत्राच्या आधारावर जगणाऱ्या या माणसाने १९७७ च्या निवडणुकीत विरोधकांना एकत्र आणलं. मार्च १९७९ मध्ये तर त्यांच्या निधनाची चुकीची बातमी लोकसभेत जाहीर झाली, आणि ते जसलोकमध्ये जिवंत होते! ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचं निधन झालं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला चहाची गाळणी दाखवली. आजोबा नक्की घरी येतील असं वचन दिलं नाही, बरं का. मशीन आजोबांच्या मूत्रपिंडांचं काम सांभाळतंय, एवढंच सांगितलं. मुलांना खोटा धीर देऊ नका, पण आधार जरूर द्या.