हॅरॉल्ड वॅगस्टाफ: चार चषकांचा कर्णधार

खेळांत नांव मिळविलेल्या पुरुषांच्या गोष्टी आमचे विद्यार्थी मोठ्या आवडीनें ऐकतात. परंतु कोणी किती धांवा काढल्या व किती गोल केले, एवढेंच बहुधा त्यांच्या ध्यानांत राहतें. आज ज्याचें चरित्र आम्ही सांगणार आहों, त्याची थोरवी त्यानें स्वतः मिळविलेल्या गुणांपेक्षां त्यानें सोबत्यांस मिळवून दिलेल्या गुणांत अधिक दिसून येते.

हॅरॉल्ड वॅगस्टाफ ह्याचा जन्म ता. १९ मे १८९१ रोजीं इंग्लंडांतील यॉर्कशर परगण्यांत, होमफर्थ ह्या गांवीं झाला. जवळच हडर्सफील्ड हें लोकरीच्या गिरण्यांबद्दल प्रसिद्धीस आलेलें शहर आहे. तेथें ता. २९ ऑगस्ट १८९५ रोजीं रग्बी खेळणाऱ्या उत्तरेकडील संघांची एक सभा भरली. शनिवारीं काम सोडून सामन्यास जाणाऱ्या मजुराची मजुरी बुडे; ती भरून देण्यास रग्बीच्या मुख्य मंडळाची मनाई होती. तेव्हां ह्या संघांनीं वेगळें होऊन आपली स्वतंत्र संस्था काढली. तिच्याच खेळास पुढें रग्बी लीग असें नांव पडलें.

ह्या खेळांत १९०६ पासून प्रत्येक बाजूस १३ खेळाडू असतात. लांबट अंडाकृति चेंडू हातांत घेऊन धांवतां येतें. परंतु तो हातानें पुढें फेकतां येत नाहीं. सोबत्यास द्यावयाचा तर बाजूस किंवा मागेंच द्यावा लागतो. म्हणजे जो सर्वांच्या पुढें धांवतो, त्यास मागून कोण येत आहे ह्याचें भान सतत ठेवावें लागतें. वॅगस्टाफ ह्याच कलेंत निपुण होता.

नोव्हेंबर १९०६ मध्यें ब्रॅम्ली येथें तो हडर्सफील्डच्या संघांतून पहिला सामना खेळला. त्या वेळीं त्यास १५ वर्षें पुरीं होऊन सहा महिनेही लोटले नव्हते. १९०९ च्या आरंभीं, अवघ्या १७ व्या वर्षीं, तो इंग्लंडतर्फे ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळला. पुढें तो हडर्सफील्डचा कर्णधार झाला. त्याच्या संघांत अल्बर्ट रोझेनफेल्ड हा ऑस्ट्रेलियाचा खेळाडू होता. गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण, ज्यांस तेथें ट्राय म्हणतात, ते त्यानें १९१३-१४ च्या एकाच हंगामांत ८० वेळां मिळविले. देशोदेशींचे असे गुणी खेळाडू एकत्र जमले, तरी एकजीव झाले, ह्याचें पुष्कळसें श्रेय कर्णधारास दिलें पाहिजे.

१९१४ मध्यें वॅगस्टाफ ब्रिटिश संघाचा कर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियास गेला. आठ दिवसांत तीन कसोटी सामने खेळावयाचे ठरले. दोन सामन्यांत दोन्ही पक्षांस एकेक जय मिळाला. ब्रिटिश संघांतील बरेच खेळाडू जखमी असल्यामुळें तिसरा सामना पुढें ढकलावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु स्वदेशांतून तारेनें आज्ञा आली कीं, खेळलेंच पाहिजे. ता. ४ जुलै रोजीं सिडनी येथें तो सामना झाला. आरंभींच एकाचा पाय दुखावला. डग्लस क्लार्क ह्याचा आंगठा मोडला. तरी तो खेळत राहिला, तों त्याचें हांसळीचें हाडही मोडलें. तिसऱ्याच्या डोक्यास मार बसला. जखमी गड्याच्या जागीं दुसरा घेण्याची त्या काळीं मुभा नव्हती. कांहीं काळ तर तेरांविरुद्ध दहाच गडी मैदानांत उरले.

अशा वेळीं वॅगस्टाफ प्रतिपक्षाची फळी फोडून धांवला. आपण अडविले जाणार असें दिसतांच त्यानें चेंडू चिक जॉन्सन ह्यास दिला. तो गडी आघाडीच्या फळींतला. माणसें कमी पडल्यामुळें त्यास कडेस उभें केलें होतें. जॉन्सननें चेंडू जमिनीवर टाकून पायानें लोटीत नेला व गोलरेषेपलीकडे त्यावर झेंप घातली. ब्रिटिश संघ १४ विरुद्ध ६ गुणांनीं विजयी झाला.

बरोबर एक महिना लोटला, तोंच ता. ४ ऑगस्ट रोजीं ब्रिटन महायुद्धांत उतरलें. मंडळी घरीं परतलीं तेव्हां तरुण सैन्यांत भरती होत होते. सहस्रावधि लोक रणांगणावर मरत असतां आपण चेंडू खेळावा काय, असा प्रश्न देशभर विचारला जात होता. तथापि संस्थेनें तो हंगाम पार पाडण्याचें ठरविलें.

त्या हंगामांत हडर्सफील्डनें जिंकतां येण्याजोगे चारही मान जिंकले. यॉर्कशर चषकाच्या अंतिम सामन्यांत हल संघाचा ३१-० असा पराभव झाला. यॉर्कशर लीगही त्यांनींच जिंकली. सर्व संघांच्या अजिंक्यपदासाठीं झालेल्या अंतिम सामन्यांत त्यांनीं लीड्सला ३५-२ असें हरविलें. राहिला चॅलेंज कप. ह्या स्पर्धेंत एकदां हरलेला संघ तत्काळ बाद होतो. चुकीस क्षमा नाहीं. ता. १ मे १९१५ रोजीं ओल्डहॅम येथें हडर्सफील्डनें सेंट हेलन्सला ३७-३ असें जिंकलें. प्रतिपक्षाच्या खेळाडूंचा सामन्यापूर्वीं आपल्याच क्लबाशीं पैशांवरून तंटा झाला होता, हेंही सांगणें न्यायाचें होईल. तिन्ही अंतिम सामन्यांत मिळून हडर्सफील्डचे १०३ गुण झाले, प्रतिपक्षांचे अवघे ५.

त्यानंतर ह्या मोठ्या स्पर्धा बंद पडल्या व खेळाडू पांगले. वॅगस्टाफ सैन्यांत दाखल झाला. त्याच्या संघांतील फ्रेड लाँगस्टाफ १९१६ च्या जुलैंत फ्रान्समध्यें युद्धांत कामास आला. क्लार्क जखमी झाला, विषारी वायूनें पोळला, त्यास शौर्याचें पदक मिळालें. आणि तरीही तो पुन्हां मैदानांत आला.

१९२० मध्यें चॅलेंज कप पुन्हां सुरू झाला व विगनला २१-१० असें हरवून हडर्सफील्डनेंच तो जिंकला. त्या वर्षींही चारही मान हातीं येण्याचा योग होता. परंतु वॅगस्टाफ व आणखी चार खेळाडू ब्रिटिश संघांतून ऑस्ट्रेलियाकडे रवाना झाले, आणि त्यांच्यावांचून खेळलेला अजिंक्यपदाचा सामना हडर्सफील्डनें हलविरुद्ध अवघ्या एका गुणानें, ३-२ असा गमावला. कर्णधाराची किंमत किती, हें त्या एका गुणानें सांगितलें.

१९२५ मध्यें त्यानें खेळणें थांबविलें. ता. १९ जुलै १९३९ रोजीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, तो मरण पावला. दुसरें महायुद्ध पेटण्यास तेव्हां दोनच महिन्यांहून कमी अवधि होता. १९८८ मध्यें ब्रिटिश रग्बी लीगनें आपल्या थोर खेळाडूंची पहिली मालिका निवडली, तींत त्याचें नांव घातलें.

चार चषक मिळविणें थोड्यांच्याच भाग्यीं असतें, आणि आमच्या शाळेच्या मैदानावर हा खेळही कोणी खेळत नाहीं. परंतु आमचा विद्यार्थी हुतुतूच्या अंगणांत असो, फुटबॉलच्या मैदानांत असो वा पुढें संसारांत असो, आपण पुढें धांवत असतां मागून येणाऱ्याचा हात कोठें आहे हें त्यानें पाहत जावें. सिडनीच्या मैदानावर वॅगस्टाफ एकटाच पुढें गेला असता तर अडविला गेला असता. त्यानें चेंडू दिला, म्हणून दहा गडी जिंकले.