अमेरिकेतला ऑर्गन पुण्यात लावला की सूर का उतरतो? उत्तर एका घड्याळवाल्याकडे आहे

समजा, कुणीतरी अमेरिकेतून जुना हॅमंड ऑर्गन पुण्यात आणला. तिकडच्या घरात १२० व्होल्टच्या आसपास वीज, आपल्याकडे २३०. थेट लावला तर जळणार, हे सगळ्यांनाच माहीत. म्हणून मधे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर बसवला. ऑर्गन सुरू झाला, धूर नाही की वास नाही. पण पांढरी एक दाबली तर खालच्या सप्तकातली पांढरी सहा वाजते, तीही जरा उतरलेली.

बिघाड काहीच नाही. हा सगळा कारभार लॉरेन्स हॅमंड या माणसाच्या डोक्यातून आलाय, आणि त्याला स्वतःला ऑर्गन वाजवता येत नव्हता.

हॅमंडचा जन्म १८९५ चा, शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टनचा. तो २ वर्षांचा असताना वडील गेले. आई चित्रकार, ती मुलांना घेऊन युरोपात गेली. परत आल्यावर पोरानं कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, १९१६ मध्ये डिग्री घेतली आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आला. १९२० मध्ये त्यानं टिकटिक न करणारं घड्याळ बनवलं आणि नोकरीला रामराम ठोकला.

यानंतर त्याच्या हाती लागली सिंक्रोनस मोटर.

ही मोटर कशी चालते ते बघू. घरातली वीज सेकंदाला ठरावीक वेळा दिशा बदलून परत येते. अमेरिकेत अशी ६० आवर्तनं होतात, भारतात ५०. सिंक्रोनस मोटर या आवर्तनांच्या तालावर फिरते. व्होल्टेज थोडं वरखाली झालं तरी तिचा वेग बदलत नाही, फ्रिक्वेन्सी बदलली की मात्र बदलतो. थोडक्यात, ताल पॉवरहाऊस देणार आणि मोटर फक्त तो धरणार.

१९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका थिएटरात त्यानं थ्रीडी सिनेमा दाखवला. प्रत्येक खुर्चीला एक यंत्र, आणि त्यातली झडप याच मोटरवर फिरून आळीपाळीनं एकेक डोळा झाकायची. प्रत्येक खुर्चीला मोटर लावायची म्हटल्यावर धंद्याचं काय होणार, ते उघड आहे. ती कल्पना तिथेच थांबली.

मग १९२८ मध्ये हॅमंड क्लॉक कंपनी आली. तोवर हेन्री वॉरन नावाच्या इंजिनिअरमुळे अमेरिकेतली पॉवरहाऊसेस आपली फ्रिक्वेन्सी काटेकोर ठेवायला लागली होती, त्यामुळे भिंतीत प्लग घातला की घड्याळ बरोबर चालायचं. पण लगेच मंदी आली आणि घड्याळांचा धंदा बसला. हॅमंडनं पत्ते आपोआप पिसून वाटणारं ब्रिजचं टेबलही विकून पाहिलं. कंपनी जगवायची तर नवीन काहीतरी हवंच होतं.

नवीन म्हणजे काय, तर तीच मोटर. तिच्यावर त्यानं दातेरी चकत्या फिरवल्या. शेजारी चुंबक आणि तारेचं वेटोळं. दात समोरून गेला की तारेत बारीक करंट तयार होतो, सेकंदाला ४४० दात गेले तर ४४० हर्ट्झचा सूर. अशा ९१ चकत्या एका पेटीत बसवल्या. १९३४ मध्ये पेटंट मिळालं आणि १९३५ मध्ये ऑर्गन बाजारात आला. जॉर्ज गर्शविन आणि हेन्री फोर्ड सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत होते.

पाइप ऑर्गनवाले भडकले. हॅमंडच्या जाहिरातींचं प्रकरण सरकारी व्यापार आयोगापुढे गेलं. १९३७ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या चॅपलमध्ये दोन्ही वाद्यं पडद्याआड वाजवली, तर जाणकारांचे कानही जवळपास एक तृतीयांश वेळा चुकले. तरी आयोगानं काही दावे बंद करायला लावलेच. पण तोवर फुकटची प्रसिद्धी झाली होती.

आता पुण्याचं कोडं. अमेरिकेत ही मोटर मिनिटाला १२०० फेरे घेते, ५० हर्ट्झवर फक्त १०००. चकत्या सावकाश फिरतात, त्यामुळे ४४० चा सूर ३६७ वर येतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. त्यामुळे एक तर ६० हर्ट्झ तयार करून देणारा कन्व्हर्टर लागतो, किंवा मुळात ५० हर्ट्झसाठी बनवलेलं मॉडेल. विकत घेण्याआधी मागच्या पट्टीवरचा हर्ट्झचा आकडा वाचायचा तो यासाठी. जपानात तर एकाच देशात ही गंमत आहे, टोकियोला ५० आणि ओसाकाला ६०.

हॅमंडनं स्वतः एकदा या तालातून बाहेर पडून पाहिलं. १९३९ चा नोव्हाकॉर्ड. दीडशेहून जास्त व्हॅक्यूम ट्यूब, आणि सूर तयार करायला मोटरच नाही, इलेक्ट्रॉनिक ऑसिलेटर. आज त्याला सिंथेसायझरचा पूर्वज म्हणतात. याला सुरापुरता साधा ट्रान्सफॉर्मर पुरतो. पण तो बोजड होता, महाग होता. हजाराच्या आसपास नग बनले आणि १९४२ मध्ये उत्पादन बंद पडलं.

मोटरवाला ऑर्गन मात्र चालत राहिला. १९५४ चं बी-३ मॉडेल चर्चमधून जॅझमध्ये आणि तिथून रॉकमध्ये शिरलं. हॅमंड १९६० मध्ये कंपनीतून बाहेर पडला आणि ३ जुलै १९७३ ला कनेक्टिकटमध्ये वारला. त्यानंतर दोनेक वर्षांत चकत्यांच्या ऑर्गनचं उत्पादनही थांबलं. जे शिल्लक आहेत त्यांना आजही दोन बटणं लागतात, एक मोटरला धक्का देऊन वेगात आणायला आणि दुसरं तिला विजेच्या तालावर सोडायला.